पाय एकीकडे, आवाज दुसरीकडे

मंडळी, मागच्या मे महिन्यात आमच्या भावजींचा आंबेनळी घाटातून फोन आला. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरत होते. नवी हायब्रिड गाडी, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली. घेऊन महिनाही झाला नव्हता. "अरे, उतार आहे, मी पाय काढलाय आणि इंजिन नुसतं ठणाणा करतंय. चढताना एवढं ओरडलं नव्हतं. गिअरबॉक्स गेला का?" मी विचारलं, पडद्यावर बॅटरीच्या किती कांड्या दिसतायत? म्हणाले, "सगळ्या." म्हटलं, मग काही गेलेलं नाही. चहा प्या आणि सावकाश उतरा.

भावजी तीस-पस्तीस वर्षं गाडी चालवतायत, आणि कानानं चालवतायत. आपण सगळेच तसे. पाय दाबला की आवाज चढतो, आवाज चढला की वेग वाढतो, फार चढला की वरचा गिअर टाकायचा. हायब्रिडमध्ये नेमकं हे नातं तुटतं. पाय तुमचा, पण इंजिन कधी चालू करायचं आणि किती फिरवायचं हे ठरवणारा दुसराच, गाडीतला कॉम्प्युटर.

आता हे तुटतं कसं ते बघू. टोयोटानं डिसेंबर १९९७ मध्ये जपानात प्रियस आणली, तिच्यातली मांडणी आज आपल्याकडच्या टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्येही (म्हणजे नुसत्या मोटरीवरही चालू शकणाऱ्या गाडीत) मुळात तीच आहे. मधे एक दातेरी चाक, त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं म्हणजे ग्रह. बाहेरून सगळ्यांना वेढणारं कडं. इंजिन ग्रहांना जोडलेलं, छोटी मोटर सूर्याला, मोठी मोटर आणि गाडीची चाकं कड्याला. पहिल्या प्रियसच्या कड्याला ७८ दात होते आणि सूर्याला ३०. म्हणजे इंजिनाच्या जोराचे १०० भाग केले तर ७२ चाकांकडे जाणार आणि २८ छोट्या मोटरीकडे, जी त्यातून वीज बनवणार. ही वाटणी दातांनीच ठरवलेली, ती बदलत नाही. बदलतो तो छोट्या मोटरीचा वेग. ती कमी-जास्त फिरवली की चाकांचा वेग तोच राहून इंजिनाचा वेग हवा तसा ठेवता येतो. याला ई-सीव्हीटी म्हणतात, पण नेहमीच्या सीव्हीटीतला (गिअरचे टप्पे नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला) पट्टा आत शोधू नका. तो नाहीच.

इंजिनही जरा वेगळ्या स्वभावाचं असतं. अ‍ॅटकिन्सन पद्धतीचं. आत घेणारी झडप उशिरा मिटते, त्यामुळे हवा कमी दाबली जाते आणि जळलेला वायू मात्र पुरता प्रसरण पावतो. पेट्रोल वाचतं, पण खालच्या फेऱ्यांना जोर कमी पडतो. तो मोटर भरून काढते. अशा इंजिनाला रखडत चालवण्यात अर्थ नसतो. म्हणून कॉम्प्युटर त्याला एकतर मजेत, किफायतीच्या फेऱ्यांना चालवतो, नाहीतर सरळ बंद करतो. सकाळी बॅटरी भरलेली असूनही ते मिनिटभर का चालतं? धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून. तेवढ्यासाठी सर्व्हिस सेंटर गाठू नका.

आता ते मोडचं बटण. शोरूममध्ये असं सांगतात की इकोला गाडी कंजूष होते आणि पॉवरला वाघ होते. खरं म्हणजे बटणानं इंजिनात काहीच बदलत नाही. तुमचं पेडल ही एक मागणी असते, आणि मोड तुमच्या मागणीचा अर्थ लावतो. इकोमध्ये अर्धा पाय दाबला तर कमी मागितलं असं धरतो, एसीलाही जरा आवर घालतो. पॉवरमध्ये तोच अर्धा पाय 'लवकर हवंय' असा वाचला जातो. पाय पूर्ण खाली दाबलात की मागणीत शंकाच उरत नाही, आणि मग मोड कुठलाही असो, मिळायचं तेवढंच मिळतं.

ते किती, यातही एक गंमत आहे. हायरायडरचं इंजिन ९२ पीएसचं (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच), मोटर ८० ची. बेरीज १७२. पण कागदावर दोन्ही मिळून ११६! उरलेले कुठे गेले? कुठेच नाही, ते कधी नव्हतेच. मोटर ८० ची असली तरी तिला वीज पुरवायची कोणी? बॅटरी एकटी वीस-पंचवीस पीएसपेक्षा जास्त देऊ शकत नाही. बाकीची वीज इंजिनच बनवतं, म्हणजे ती त्याच ९२ मधली. बॅटरी आहेच केवढी, ०.७६ युनिटची. रस्त्यावरच्या बऱ्याच इलेक्ट्रिक स्कूटरची तिच्या तिप्पट-चौपट असते.

हाच आकडा घेऊन पुन्हा आंबेनळीत जाऊ. माणसं आणि सामान धरून गाडी १६०० किलो. ती एक मीटर खाली आली की साधारण १६ हजार जूल (ऊर्जेचं माप) मोकळे होतात. ०.७६ युनिट म्हणजे सुमारे २७ लाख जूल. भागाकार करा, १७० मीटर येतात. टायर आणि वारा थोडं खातात, म्हणून आणखी काही मीटर धरा. महाबळेश्वर आहे १३५० मीटरच्या आसपास आणि पोलादपूर जवळजवळ कोकणाच्या तळाशी. म्हणजे घाटाचा मोठा भाग बाकी असतानाच बॅटरी गच्च भरते. पुढची वीज ठेवायला जागा नाही! मग गाडी काय करते, मोठ्या मोटरीनं उतारावर बनवलेली वीज छोट्या मोटरीला देते आणि तिच्याकडून इंजिन गरगरा फिरवते. पेट्रोलचा थेंब नाही, ठिणगी नाही, नुसती हवा ओढायची आणि दाबायची. भावजींनी ऐकलेला ठणाणा तो हाच. गाडी ब्रेक तापू देत नव्हती.

गिअरच्या दांडीवरचा बी याचसाठी आहे. बी म्हणजे बॅटरी असं समजून रोज बी मध्येच गाडी चालवणारे दोघे मला भेटलेत. अहो, तो इंजिनाच्या ब्रेकिंगसाठी आहे. सपाट रस्त्यावर तो टाकलात तर वीज होऊ शकणारी ताकद इंजिन फिरवण्यात वाया जाते. लांब उतारासाठी ठेवा.

होंडाची सिटी हायब्रिड, २०२२ च्या मे मधली, जरा निराळी. तिच्यात शहरात इंजिन बहुतेक वेळ फक्त वीज बनवतं आणि मोटर गाडी ओढते. हायवेला एका वेगानं चाललात की क्लच बसतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. तिथे मोटरीच्या वळशापेक्षा सरळ रस्ता स्वस्त पडतो, एवढंच.

एका ताईंची चिठ्ठी आहे: सिग्नलला न्यूट्रल करावं का? ताई, जुन्या गाडीची सवय आहे, कळतं मला. पण न्यूट्रलमध्ये या गाड्यांची बॅटरी चार्ज होत नाही, आणि एसी तर बॅटरीवर चालतो. मोठ्या ट्रॅफिकमध्ये न्यूट्रल टाकून बसलात तर बॅटरी उतरत जाईल. डी मध्येच राहू द्या, पाय ब्रेकवर. इंजिन तसंही बंदच असतं.

आणि ईव्हीचं बटण, नुसत्या बॅटरीवर गाडी चालवणारं? वेग वाढला, पाय जोरात पडला किंवा बॅटरी उतरली की ते आपोआप सुटतं. पेट्रोल वाचवायला ते नकोच, तो हिशोब कॉम्प्युटर तुमच्याआधी करून बसलेला असतो. मी ते एकाच कामाला वापरतो, रात्री उशिरा सोसायटीत शिरताना. खालच्या मजल्यावरच्या आजींची झोप फार सावध आहे.