डोळ्यांना साठ, हातांना हजार
(दादर येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विषय जाहीर झालाय 'संगणकीय चित्रण आणि हॅप्टिक्स', म्हणजे पडद्यावरची वस्तू हाताने चाचपण्याचं तंत्र. त्याआधी मला विचारायचंय, मंडईत भेंडी घेताना तुम्ही काय करता? टोक मोडून बघता. हसताय, म्हणजे सगळेच मोडता! भाजीवाली ओरडते ते बरोबरच आहे, पण भेंडी कोवळी की जून हे नुसतं बघून कळत नाही. तिच्यावर जोर लावावा लागतो आणि तिचा उलटा जोर बोटाला जाणवावा लागतो. डोळा वस्तूला धक्का न लावता बघू शकतो, हाताला ते जमत नाही. आमच्या शास्त्राची सगळी अडचण आणि सगळी गंमत इथे आहे.

काही वर्षांपूर्वी एका संग्रहालयात आम्ही एका दगडी मूर्तीचं थ्रीडी स्कॅनिंग करत होतो. तेव्हा तिथे अंध मुलांची सहल आली. बरोबरच्या बाई पाटीवरचा मजकूर वाचून दाखवत होत्या: काळा पाषाण, शतक अमुक, उंची तमुक. एका मुलाने विचारलं, "बाई, तिचा हात कसा आहे हो?" बाईंनी त्याचंच मनगट धरून हवेत वळण काढून दाखवलं. मुलगा कठड्यावरून पुढे वाकला आणि रखवालदार धावत आला. हात लावायला मनाई होती. रखवालदाराचं काही चुकलं नाही. हाताच्या घामाने, तेलकटपणाने दगड खरंच काळवंडतो, झिजतो. पण त्याच मूर्तीचे लाखो त्रिकोण (संगणक कुठलाही आकार अशा छोट्या त्रिकोणांनीच जोडून काढतो) त्या वेळी माझ्या लॅपटॉपमध्ये भरले जात होते! कुणासाठी? ज्यांना ती आधीच दिसत होती त्यांच्यासाठी. मी तिथल्या व्यवस्थापनाला सुचवलं की इथे एक स्पर्शयंत्र ठेवू या. उत्तर आलं, "आपली व्हर्च्युअल टूर आहे ना." याचा मला आजही राग येतो, आणि तो इथे बोलून दाखवायचाच होता.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, तेव्हा शीर्षकातलं साठ आणि हजारचं गणित आता भराभर सांगतो.

संगणकाने दृश्याबरोबर बलही द्यावं, हे अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांनी १९६५ मध्येच लिहिलं होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी 'फँटम' नावाचं स्पर्शयंत्र बनवलं. एका यांत्रिक हाताच्या टोकाला शिंप्याच्या टोपणासारखी टोपी असते. तिच्यात बोट घालायचं, मोटारी ते मागे रेटतात. बोट आभासी पृष्ठभागात जितकं आत घुसेल तितका रेटा जास्त. मात्र वस्तू पातळ असली, तर बोट निम्म्याच्या पुढे गेलं की संगणक पलीकडची बाजू जवळची समजतो आणि बोट आरपार ढकलून देतो. त्यावर झिलेस आणि सॅलिसबरी यांनी १९९५ मध्ये उपाय दिला: वस्तूत कधीच न शिरणारा एक दुसरा बिंदू पृष्ठभागावर ठेवायचा आणि खरं बोट स्प्रिंगने त्याच्याकडे ओढायचं.

आता हजार. चित्र सेकंदाला साठ वेळा बदललं तरी डोळा खूश असतो. बल मात्र हजारदा मोजावं लागतं. रेटा शिळा झाला, की बोट बाहेर निघालेलं असतानाही यंत्र आधीच्या खोलीचाच जोर लावतं, त्यातून जास्तीची ऊर्जा आत शिरते आणि आभासी भिंत थरथरते. त्वचेतली पॅसिनी नावाची कंपनं टिपणारी मज्जातंतूंची टोकं सेकंदाला २५० च्या आसपासची कंपनं सर्वांत चांगली टिपतात, त्यामुळे ही थरथर लपत नाही. वस्तू जितकी कडक, तितका रेटा थोड्याशा खोलीत झपाट्याने वाढतो आणि थरथरही जास्त. म्हणून स्पंज सोपा, दगड अवघड.

दूरचा स्पर्श, म्हणजे दुसऱ्या गावातली वस्तू इथून चाचपणं, त्याहून अवघड. सेकंदाला हजारदा म्हणजे प्रत्येक वेळी हाताशी एकच मिलिसेकंद. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. मुंबईहून पुण्याला जाऊन परत यायचं म्हणजे साधारण ३०० किलोमीटर, तेव्हा दीड मिलिसेकंद नुसत्या प्रवासात गेला. शिवाय हजारदा मोजलेलं सगळं पाठवायचं म्हणजे माहितीचा भार. तो कमी करायला वेबरचा जुना नियम कामी येतो: बलात साधारण दहा टक्क्यांपेक्षा कमी बदल झाला तर हाताला तो कळत नाही, मग तो पाठवायचाच कशाला? हाताला नेमकं काय कळतं, यावर पवईच्या आयआयटीत प्रा. सुभाशिष चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलंय. ते जरूर वाचा.

माझी मागणी एवढीच, की सार्वजनिक पैशातून एखाद्या मूर्तीचं स्कॅनिंग होईल तेव्हा आकार आणि रंगाबरोबर तिचा खडबडीतपणा आणि घर्षणही नोंदवलं जावं. घारापुरीची त्रिमूर्ती सुमारे सहा मीटर उंच आहे. तिच्या गालापर्यंत डोळस माणसाचाही हात पोचत नाही. आता प्रश्न घेऊ या.