साताऱ्यातले गांधीजी कुठं सापडतात?

हा पोवई नाका, वरून असा दिसतो, मागं अजिंक्यतारा. गांधीजी म्हटलं की आपल्याला साबरमती आठवते, दांडी आठवते, आणि सातारा-सांगली म्हटलं की पत्री सरकार, म्हणजे इंग्रजांविरुद्ध क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. ते बरोबरच आहे, पण त्यामुळं झालंय काय, की गांधीजींचं काम इथं ज्यानं मुरवलं तो माणूस पोरांना फक्त शाळेतल्या फोटोपुरता माहीत, पांढरी दाढी आणि अंगावर खादी. कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊराव मूळचे कुंभोजचे, जैन घरातले. कोल्हापूरला जैन बोर्डिंगात राहून शिकत होते, तिथून ते अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले, परत आल्यावर हुकूम झाला की आंघोळ करा, मग जेवायला बसा, यांनी आंघोळ केलीच नाही आणि बोर्डिंगातनं बाहेर पडावं लागलं. पुढं किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले, तिथं पोरांची शाळेविना चाललेली आबाळ रोज डोळ्यासमोर. 1919 ला कऱ्हाडजवळ काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला बिऱ्हाड साताऱ्यात.

आता हे स्वयंपाकघर बघा, या मोठ्या पातेल्यांवर जरा थांबूया, कारण खरी गोष्ट इथंच आहे. भाऊरावांच्या साताऱ्यातल्या बोर्डिंगात महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान सगळी पोरं एकत्र राहायची. भाकरी पोरांनीच थापायची, पाणी पोरांनीच भरायचं, शेतात राबायचं, आणि जेवायला पंगत एकच. गावातल्या बायका दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढून द्यायच्या, तोच मुष्टिफंड. तोही पुरेना तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीनं, दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. पोरांचं जेवण चुकू दिलं नाही. 1930 ला त्या गेल्या. खरं तर त्यांच्यावर वेगळा व्हिडिओ व्हायला पाहिजे.

25 फेब्रुवारी 1927. खादीसाठी दौऱ्यावर असलेले गांधीजी साताऱ्यात आले आणि त्यांच्या हस्ते या बोर्डिंगला नाव मिळालं, श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. दांडी अजून 3 वर्षं लांब होती, गांधी-आंबेडकरांचा पुणे करार 5 वर्षं. नंतर गांधीजींच्या हरिजन सेवक संघाकडून वर्षाला 500 रुपयांची मदतही सुरू झाली. मिठासाठी लोक चालले ते जगानं बघितलं, 1930 ला शिराळ्याकडच्या बिळाशीत इंग्रजांचा जंगल कायदा मोडणारा जंगल सत्याग्रह झाला तोही आपल्याला ठाऊक आहे, पण शेजारच्या ताटात कोण जेवतंय याचा हिशेब सोडायला लावणं हे आमच्या मते त्याहून अवघड काम, आणि ते इथं रोज दोन वेळा होत होतं.

30 जानेवारी 1948 ला गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर आपल्याच भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, हेही झालं.

त्याच वर्षी भाऊरावांनी जाहीर केलं, गांधीजींच्या नावानं 101 हायस्कुलं काढणार. हाताशी पैसा नव्हताच, मग पुन्हा गावोगाव, पुन्हा लोकवर्गणी, कुणी जागा दिली, कुणी नुसती अंगमेहनत. 9 मे 1959 ला भाऊराव गेले. पुढं जे बोर्ड दिसतायत, महात्मा गांधी विद्यालय, त्यातलं एखादं तुमच्याही गावाजवळ असेल.