आईचं नाव लावणारे घोडे

मंडळी, पत्रिकेवर विषय ‘लिपिझानर घोड्यांच्या उड्या’ असा छापलाय. उड्यांकडे येतोच, पण आधी घोडीबद्दल बोलू द्या. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूल या घोडेस्वारीच्या शाळेचे पांढरेशुभ्र लिपिझानर जातीचे घोडे तुम्ही व्हिडिओत पाहिले असतील. वर झुंबरं, खाली वाळू, आणि टाळ्या सगळ्या नरांना, कारण तिथे काम नरच करतात. आता नाव बघा: नेआपोलितानो आफ्रिका. पहिला शब्द बापाच्या घराण्याचा. प्लूटो, कोन्व्हर्सानो, फाव्होरी अशी जुनी सहा घराणी आहेत. दुसरा शब्द थेट आईचं नाव. १५८० साली आजच्या स्लोव्हेनियातल्या लिपित्सा गावी आर्चड्यूक, म्हणजे ऑस्ट्रियाचा राजपुत्र, चार्ल्सने ही पैदास सुरू केली, तिच्या वंशावळीत आईही अशी जपलेली आहे.

रंगाचंही सांगतो, सारंगखेड्याच्या यात्रेला जाणारे इथे दिसताहेत म्हणून. आपला नुकरा घोडा जन्मतःच पांढरा, कातडी गुलाबी. लिपिझानरचं शिंगरू काळपट किंवा तपकिरी जन्मतं आणि सहा ते दहा वर्षांत पांढरं होतं. कातडी काळीच राहते. ओठ नि नाकपुड्यांपाशी नीट बघा, लगेच कळतं. एखादा कुमैतच, म्हणजे तांबूस-तपकिरीच, राहतो, तो शाळा शुभ मानून ठेवते.

आता १९४५, दुसऱ्या महायुद्धाची अखेर. लोकप्रिय गोष्ट अशी: शाळेचे प्रमुख पोधाइस्की यांनी अमेरिकन जनरल पॅटनसमोर घोडे नाचवले, तो भारावला आणि जात वाचली. ही गोष्ट ऐकली की मला राग येतो. तो खेळ झाला ७ मे रोजी, ऑस्ट्रियातल्या सांक्ट मार्टिनला, आणि नरांना अमेरिकन संरक्षण त्यामुळे मिळालं हे खरं. पण घोड्या नि शिंगरं होती चेकोस्लोव्हाकियातल्या होस्टाऊला, जर्मनांनी नेऊन ठेवलेली. पूर्वेकडून रशियन सैन्य येत होतं आणि घोडी कुणाच्या तरी ताटात जाण्याची भीती होती. तेव्हा जर्मन लष्कराचा पशुवैद्य रुडॉल्फ लेसिंग शत्रूच्या, म्हणजे अमेरिकनांच्या, छावणीत बोलणी करायला गेला. कर्नल चार्ल्स रीडच्या तुकडीने २८ एप्रिलला होस्टाऊ ताब्यात घेतलं. तारखा बघा! खेळाच्या नऊ दिवस आधी घोड्या सुरक्षित होत्या. नुसते नर वाचून पुढची पिढी कुठून आली असती? जात वाचली ती होस्टाऊला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उड्या भरभर सांगतो. पियाफ म्हणजे जागच्या जागी दुडकी. लव्हाद म्हणजे मागचे पाय खोल वाकवून पुढचं अंग उचलून तोलणं. अंग जितकं खाली, तितकं अवघड. कूर्बेतमध्ये तो मागच्या पायांवर उड्या घेतो. काप्रिओल सगळ्यांत कठीण: चारही पाय हवेत आणि वरच मागे लाथ. स्वार बहुधा रिकिबीशिवाय बसलेला. यासाठी वर्षानुवर्षं मेहनत लागते आणि प्रत्येक घोड्याला हे जमत नाही. ज्याचा जसा कल, तसं त्याला शिकवतात.

हा कल, हा शांतपणा निम्मा आईकडून येतो. म्हणून ऑस्ट्रियातल्या पीबरला, जिथे या घोड्यांची पैदास होते, पैदाशीसाठी निवडण्याआधी घोडीलाही खोगिराखाली आणि गाडीला जुंपून पारखतात. व्हिएन्नाला जाणार असाल तर एक दिवस पीबरसाठी राखून ठेवा. ग्राझपासून जवळ आहे, आणि घोड्या तिथेच आहेत.