स्लॉट नाही असं सांगू नका: पर्सनॅलिटी डिसऑर्डर आणि थेरपिस्ट

(दृश्य: सकाळचं ठाणे स्टेशन, सॅटिसवरची गर्दी, मग गोखले रोडवरच्या पाट्या)

ठाणे म्हटलं की बाहेरगावच्या बऱ्याच लोकांना अजून दोनच गोष्टी आठवतात, तलाव आणि मेंटल हॉस्पिटल. ते हॉस्पिटल १९०१ सालचं, आणि "ठाण्याला पाठवू का तुला" हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी घरात ऐकलंय ते सांगायला नको. पण याच शहरात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली आणि मनाच्या आजाराबद्दल मराठीत सरळ बोलायची सवय लागली लोकांना. आज नौपाड्यात, घोडबंदर रोडला, पाचपाखाडीत काउन्सेलरच्या पाट्या दिसतात, ऑफिसमधून लवकर निघून थेरपीला जाणारी मुलं-मुली दिसतात, आणि ते लपवत पण नाहीत. हे खरंच चांगलं झालंय.

तरी एक दार अजून नीट उघडत नाहीये, पर्सनॅलिटी डिसऑर्डरवाल्यांचं, म्हणजे ज्यांची विचार करायची आणि नाती सांभाळायची पद्धतच वर्षानुवर्षं त्रास देत राहते त्यांचं. अँझायटी आहे, या. डिप्रेशन आहे, या. फॉर्मवर "बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर" (भावना फार टोकाच्या, नाती कधी एकदम जवळ कधी एकदम तुटलेली, कोणी सोडून जाईल ही सतत भीती) लिहिलेलं दिसलं की मात्र स्लॉट फुल असतात, किंवा "तुम्हाला जरा सीनियर थेरपिस्टची गरज आहे" असं उत्तर येतं, आणि सीनियरकडे गेलं की तिथे तीन महिन्यांचं वेटिंग.

हे फक्त इथलं नाहीये. इंग्लंडमध्ये १९८८ साली लुईस आणि अ‍ॅपलबी या दोघांनी एक साधा प्रयोग केला होता, सायकिअ‍ॅट्रिस्ट लोकांना एका पेशंटची माहिती वाचायला दिली, काहींच्या कागदावर याला आधी पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं निदान झालंय एवढं जास्तीचं लिहिलं, बाकी सगळं सेम. तेवढ्या एका ओळीने डॉक्टरांची मतं बदलली. हा पेशंट त्रासदायक, हा मुद्दाम करतो, याला मदतीची तेवढी गरज नाही. म्हणजे पेशंट आत यायच्या आधीच निकाल लागलेला. अमेरिकेच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात पर्सनॅलिटी डिसऑर्डरचे दहा प्रकार आहेत, पण सगळ्यात जास्त रिसर्च बॉर्डरलाइनवर झालाय आणि सगळ्यात जास्त दारं पण त्यांच्याच तोंडावर बंद होतात, म्हणून या व्हिडिओत मुख्य बोलणं त्यांच्याबद्दल आहे.

(दृश्य: कळवा पूल, संध्याकाळ, पाठमोरी चालणारी मुलगी)

समजा एक मुलगी आहे, पंचवीस-सव्वीसची, कळव्याला आईवडिलांबरोबर राहते आणि ऐरोलीला जॉब करते. ही कोणी खरी व्यक्ती नाही, बोलायला सोपं जावं म्हणून धरूया. पहिल्या सेशनला ती म्हणते, मॅम तुम्ही पहिल्याच आहात ज्यांनी मला समजून घेतलं. कोणालाही बरं वाटेल ना हे ऐकून. मग मॅम फी कमी करतात, आठवड्याला एकाऐवजी दोन सेशन देतात, रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपला रिप्लाय देतात, रविवारी फोन घेतात. दोन महिन्यांनी मॅमच्या घरी कोणीतरी आजारी पडतं, एक सेशन कॅन्सल होतं, आणि त्या रात्री अकरा मेसेज येतात, शेवटचा असा की तुम्ही पण तसल्याच निघालात. मॅम घाबरतात, चिडतात, थकलेल्या तर असतातच, आणि पुढच्या आठवड्यात सांगतात की मला वाटतं मी तुझ्यासाठी योग्य थेरपिस्ट नाही.

ज्या गोष्टीची तिला आयुष्यभर भीती होती ती मॅमनी खरी करून दाखवली. आणि नीट बघा, आधी वाचवायला धावलेली आणि नंतर सोडून पळालेली व्यक्ती एकच आहे, मध्ये फक्त दोन महिने गेलेत. जास्तीचं देणं आणि अचानक सोडणं या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून थेरपिस्टने कसं वागायचं याचं उत्तर मला एवढंच दिसतं की जेवढं वर्षभर देता येईल तेवढंच पहिल्या दिवशी कबूल करायचं, आणि मग ते मोडायचं नाही.

कबूल करायचं म्हणजे काय, तर अगदी बारीक बारीक. सेशन कधी, किती वेळ. उशीर झाला तर वेळ वाढणार का. न सांगता आली नाही तर फी घेणार का. मेसेजला किती वेळात उत्तर मिळेल आणि रात्री दहानंतर मिळणार नाही हे. जुलैत लोकल बंद पडल्या तर सेशन फोनवर होणार की पुढे जाणार. मी सुट्टीवर जाईन तेव्हा कोणाला फोन करायचा. जिवाला धोका वाटला तर सगळ्यात आधी कुठे जायचं. हे सगळं कागदावर लिहून दोघींकडे एक-एक कॉपी. काही थेरपिस्टना हे फार कोरडं वाटतं, सरकारी ऑफिससारखं, पण ज्या माणसाला समोरचा कधी निघून जाईल हेच कळत नाही त्याच्यासाठी आधी कळलेला नियम हा आधार असतो, शिक्षा नाही.

(दृश्य: कोरी डायरी, पेन, रिकामी खुर्ची)

इथे मार्शा लिनेहान यांचं नाव घ्यायलाच हवं. सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये त्यांनी डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, नावाची पद्धत तयार केली, १९९१ साली तिची पहिली मोठी चाचणी छापून आली आणि १९९३ साली त्यांचं पुस्तक. २०११ मध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की वयाच्या सतराव्या वर्षी त्या स्वतः मेंटल हॉस्पिटलमध्ये दाखल होत्या आणि स्वतःला इजा करायच्या. म्हणजे ही पद्धत बाहेर उभं राहून बघणाऱ्या कोणी लिहिलेली नाही.

डीबीटीचा गाभा असा की दोन गोष्टी एकाच वेळी धरायच्या. तुला जे होतंय ते समजण्यासारखं आहे, आणि तरीही हे बदलायला लागणार आहे. नुसतं पहिलं बोललं की माणूस तिथेच अडकतो, नुसतं दुसरं बोललं की तो उठून जातो. वाचायला सोपं, खुर्चीत बसून करायला भयंकर अवघड.

तीच मुलगी येते आणि म्हणते, आईला मेसेज केला, ब्लू टिक आल्या, दोन तास रिप्लाय नाही, तिला मी मेलेलीच बरी. यावर आपल्या तोंडातून पटकन निघतं, अगं असं काही नसतं, आई कामात असेल. प्रेमानेच निघतं. पण तिला ऐकू येतं की तुझं दुखणं खोटं आहे. त्यापेक्षा असं म्हणता येईल, दोन तास उत्तर नाही म्हटल्यावर तुला किती भीती वाटली असेल, आता मला त्या दोन तासांत काय काय झालं ते क्रमाने सांग, मेसेज कुठून केलास, जेवली होतीस का, डोक्यात पहिला विचार कोणता आला, मग काय केलंस. एकेक कडी अशी उलगडत गेलं की कुठेतरी एक जागा सापडते जिथे पुढच्या वेळी वेगळं काही करता येईल. तिथे मग थंड पाण्याने तोंड धुणं, फोन बाजूला ठेवून खाली एक चक्कर मारून येणं, असली साधी स्किल्स शिकवायची, सेशनमध्ये करून बघायची, आणि रोज डायरीत लिहायला सांगायचं.

फोनचा नियम पण डीबीटीत आहे आणि मला तो फार विचारपूर्वक केलेला वाटतो. स्वतःला इजा करायची इच्छा झाली तर करायच्या आधी थेरपिस्टला फोन कर, थोडक्यात बोलू, कुठलं स्किल वापरायचं ते ठरवू. इजा करून झाल्यावर मात्र चोवीस तास थेरपिस्ट फोनवर बोलत नाही, जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मदत मिळतेच. निर्दयी वाटतं ना? पण उलटं करून बघा, एरवी कोणी विचारत नाही आणि हात कापला की सगळे धावतात, हेच तर ती आत्तापर्यंत शिकत आलीये. त्याच्या जागी मदत मागितली की मदत मिळते हे शिकवायचंय.

लंडनमध्ये अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनी वेगळ्या वाटेने एमबीटी, म्हणजे मेंटलायझेशन-बेस्ड ट्रीटमेंट, उभी केली, त्यातली एक गोष्ट प्रत्येक थेरपिस्टने घ्यावी. तिच्या मनात काय चाललंय ते तुम्हाला माहीत नाही. "तुझा खरा राग वडिलांवर आहे" असलं ज्ञान वाटायचं नाही, विचारायचं.

मरायचं बोलणं आलं तर स्पष्ट शब्दांत विचारायचं, आत्महत्येचा विचार येतोय का, कसा, कधी, घरात काय आहे. विचारल्याने डोक्यात भरतं ही भीती चुकीची आहे. आणि आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती प्रचंड ताणाखाली होती असंच धरलं जातं, घरच्यांना हे माहीत नसतं, पोलीस केसच्या भीतीने ते हॉस्पिटलला न्यायला उशीर करतात. हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

गोळ्यांबद्दल. इंग्लंडच्या नाइस या, उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २००९ मध्येच सांगितलंय की बॉर्डरलाइनवर म्हणून खास औषध देऊ नका, सोबत डिप्रेशन वगैरे असेल तर त्याचे उपचार वेगळे, आणि तीन महिन्यांपेक्षा छोटी थेरपी पण यासाठी वापरू नका. म्हणजे सहा सेशनचं पॅकेज इथे चालत नाही. सायकिअ‍ॅट्रिस्ट आणि थेरपिस्ट यांनी क्लायंटची परवानगी घेऊन एकमेकांशी बोललंच पाहिजे, नाहीतर डॉक्टर वाईट आणि मॅम चांगल्या, पुढच्या महिन्यात उलटं, आणि दोघंही त्यात ओढले जातात.

(दृश्य: इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तासावर भाड्याने घेतलेली केबिन)

आता थेरपिस्टची बाजू, आणि यावर मला थांबायचंय. बरेच थेरपिस्ट अशा केबिनमध्ये एकटे बसतात, एकामागून एक क्लायंट, रात्री ट्रेनने घरी. त्यांना कोण विचारतं? डीबीटीमध्ये थेरपिस्टची स्वतःची टीम हा उपचाराचाच भाग धरलाय, वर-वरची सोय म्हणून नाही. कारण अशा क्लायंटसमोर राग येतो, भीती वाटते, कधी कधी नको तितकं प्रेम पण वाटतं, आणि हे कोणाला सांगता आलं नाही की ते नकळत सेशनमध्ये उतरतं. ठाण्या-मुलुंडातल्या तीन-चार जणांनी पंधरा दिवसांतून एकदा शनिवारी सकाळी बसायचं, नाव-गाव न सांगता केस मांडायची, एवढं तर जमू शकतं. ज्या थेरपिस्टकडे असं बोलायला कोणीच नाही त्यांनी आधी ते उभं करावं, मग अशी केस घ्यावी.

घरचे लोक पाठीमागून फोन करतात, "मॅडम जरा तुम्ही तिला समजवा". त्यांच्याशी तोडून बोलायचं नाही, पण नियम पहिल्या दिवशीच सांगायचा की तुम्ही जे सांगाल ते मी तिला सांगणार, आणि जिवाचा धोका सोडला तर तिचं तुम्हाला सांगणार नाही. मग एक-दोन सेशन सगळ्यांना एकत्र बसवायचं. वन-बीएचकेमध्ये चौघं राहतात, आईचं पण काहीतरी तुटलेलं असतं.

बाकीच्या प्रकारांना हेच तत्त्व थोडं वेगळ्या तऱ्हेने लागतं. नार्सिसिस्टिक, म्हणजे स्वतःला फार मोठं समजणाऱ्या माणसाच्या आत खाली लाज असते, त्याची हवा काढायची पण नाही आणि आरती पण करायची नाही. फार संशयी माणसाशी खूप गोड बोललं तर तो जास्त बिचकतो, तुम्ही काय लिहून घेताय ते त्याला दाखवा. अव्हॉइडंट, म्हणजे नकाराच्या भीतीने लोकांना टाळणाऱ्या माणसाला घाई करू नका.

आणि याचा उपयोग होतो का? अमेरिकेत मेरी झनारिनी यांच्या टीमने हॉस्पिटलमध्ये दाखल झालेले २९० बॉर्डरलाइन पेशंट वर्षानुवर्षं फॉलो केले. २०१० मध्ये त्यांनी दहा वर्षांचा हिशोब मांडला, ९३ टक्के लोकांची लक्षणं किमान दोन वर्षं निदानाच्या निकषांच्या खाली राहिली होती. नोकरी आणि नाती पण सावरली असं जवळजवळ निम्म्यांचंच झालं, हे पण तितकंच खरं, म्हणून थेरपीत कामाचं आणि मैत्रीचं बोलणं मागे ठेवू नका. टोरंटोमध्ये २००९ साली १८० जणांवर एक तुलना झाली, अर्ध्यांना वर्षभर डीबीटी, अर्ध्यांना अनुभवी सायकिअ‍ॅट्रिस्टची नियमित, आखलेली ट्रीटमेंट, आणि दोन्हीकडे सुधारणा साधारण सारखीच आली. दुसऱ्या गटाच्या डॉक्टरांना पण दर आठवड्याला पेशंटला भेटायचं होतं आणि त्यांचं पण सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी माणसाबरोबर आपल्या केसेसवर नियमित बोलणं, होतं. महागडं परदेशी सर्टिफिकेट नाही म्हणून मी ही केस घेणार नाही, हे कारण मला तरी पटत नाही.

(दृश्य: तलावपाळी, दुपार, बाकावर बसलेले लोक)

थेरपी संपवायची वेळ आली की ती तारीख काही महिने आधी ठरवा. आठवड्याचं सेशन पंधरा दिवसांवर न्या, मग महिन्यावर. या काळात जुनं सगळं परत वर येईल, मेसेज वाढतील, घाबरून तारीख पुढे ढकलू नका, त्याबद्दलच बोला. परत यावंसं वाटलं तर कसं यायचं ते पण लिहून द्या.

आणि तुम्ही क्लायंट म्हणून हे बघत असाल तर पहिल्याच सेशनला विचारा, माझ्यासारख्या लोकांबरोबर आधी काम केलंय का, तुमचं सुपरव्हिजन कोण करतं, रात्री अडचण आली तर काय करायचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचा, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा, नोंदणी नंबर मागा, त्यात उद्धटपणा काही नाही. आत्ता या क्षणी फार त्रास होत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू आहे आणि मराठीत बोलता येतं.