सोपी वाट, पण किती वाजता?

नमस्कार मंडळी! चहा झाला का? नसेल झाला तर कप घेऊनच बसा, घाई नाहीये. आणि पुण्या-नाशकाकडून मोबाइलवर ऐकत बसलेले जे आई-बाबा आहेत, तिकडे आता झोपायची वेळ झालीये मला माहितीये, पण आजचं बोलणं खरं तर तुमच्याचसाठी आहे, तेव्हा दहा मिनिटं जागे राहा.

काय होतं बघा, आपल्यापैकी बहुतेकांचे आई-वडील इकडे सदर्न कॅलिफोर्नियात येतात ते चार-सहा महिन्यांसाठी. पहिला आठवडा जेटलॅगचा, मग डिस्नीलँड, मग समुद्र, लास व्हेगासची एक चक्कर, आणि त्यानंतर उरलेले सगळे दिवस ती दोघं घरात. आपण ऑफिसला, नातवंडं शाळेत, आणि हे खिडकीतून समोरच्या घराचं लॉन बघतायत. मला हे फार लागतं, कारण मी पण तेच केलंय. आणि गाडीने दीड-दोन तासांवर, पाम स्प्रिंग्सच्या बाजूला, असा मुलूख पडलाय की एकाच दिवसात तुम्ही निवडुंगातून चालून दुपारी पाइनच्या जंगलात डबा खाऊ शकता!

दहा नंबरच्या फ्रीवेने पूर्वेला निघालात की पवनचक्क्यांची ती खिंड लागते ना, सॅन गोरगोनियो पास, तिथे जरा खिडकीबाहेर बघायला सांगा घरच्यांना. डाव्या हाताला सॅन गोरगोनियो, ११,५०३ फूट, उजव्या हाताला सॅन हासिंटो, १०,८३४ फूट, आणि खिंड ओलांडून पुढे इंडिओपर्यंत गेलात तर तुम्ही चक्क समुद्रसपाटीच्या खाली असता. जेमतेम पाऊण तासाच्या ड्राइव्हमधे एवढा उंचीचा फरक, म्हणून तर इथे पाच-पाच मैलांवर हवा बदलते, झाडं बदलतात, जनावरं बदलतात.

आता आधी माझ्याकडून झालेली चूक सांगते, कारण बाकीचं सगळं त्यातूनच शिकलेय.

माझे आई-बाबा पहिल्यांदा आले ते मे महिन्यात. मी जोशुआ ट्री नॅशनल पार्कचा प्लॅन केला, ट्रेल निवडला बार्कर डॅमचा, जेमतेम सव्वा मैलाचा गोल फेरा, जवळपास सपाट, सगळीकडे 'सोपा' म्हणून लिहिलेला. बाबा म्हणजे बरीच वर्षं दर रविवारी सिंहगड चढणारा माणूस, ते म्हणाले सव्वा मैल म्हणजे काय गं, एवढं तर मी भाजी आणायला चालतो. आम्ही आरामात पोहे खाऊन निघालो, पोचेपर्यंत साडेअकरा वाजले, आणि चौघांत मिळून पाण्याच्या दोन छोट्या बाटल्या. अर्ध्या वाटेत बाबा बोलायचे थांबले. एका मोठ्या दगडाच्या सावलीला बसले, चेहरा लालबुंद, आणि मला कळेचना काय होतंय, कारण शर्ट तर कोरडा होता, घाम नाहीच! मागून एक कुटुंब येत होतं, त्यांनी आपल्याजवळचं पाणी दिलं, टॉवेल ओला करून मानेवर ठेवला, अर्ध्या तासाने बाबा हळूहळू चालायला लागले. गाडीत बसल्यावर एसी लावला आणि मी आधी पाच मिनिटं नुसती रडले.

घाम येत होता, ते नंतर समजलं. मुंबई-कोकणातला घाम अंगावरून ओघळतो म्हणून आपल्याला कळतं, आता पाणी प्यायला हवं. वाळवंटात हवा इतकी कोरडी असते की घाम दिसायच्या आधीच उडून जातो, शर्टाला हात लावला तर कोरडा, आणि आत शरीरातलं पाणी चाललेलं असतं. सह्याद्रीत कितीही भटकलेला माणूस असला तरी इथे तो फसू शकतो, कारण त्याची खूणच नाहीशी झालेली असते.

तेव्हापासून आमच्या घरात ट्रेल किती मैलांचा आहे हे नंतर विचारतात, आधी विचारतात किती वाजता. इथला सोपा ट्रेल सकाळी सातला सोपा असतो, दुपारी बाराला तोच ट्रेल सोपा नसतो, नुसता लहान असतो. ऑक्टोबर संपला की एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत खालचं वाळवंट आपलं, आणि उन्हाळा लागला की खाली पारा ११० फॅरनहाइटच्या वर जातो, तेव्हा खालचं नावच काढायचं नाही, सरळ वर डोंगरावर जायचं. पाणी किती? पार्कवाले सांगतात दिवसाला माणशी निदान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या वर, चालणार असाल तर त्याहून जास्त, आणि जोशुआ ट्रीच्या मधल्या भागात पाण्याचा नळ मिळत नाही, मोबाइलला रेंज नाही, म्हणून पाणी घरून आणि नकाशा आधीच डाउनलोड करून न्यायचा. आम्ही एका बाटलीत लिंबाचं सरबत नेतो, मीठ-साखर घातलेलं, आणि खायला तिखटमिठाच्या पुऱ्या, त्या दोन दिवस टिकतात आणि खारटपणाही पोटात जातो. सध्या घरोघरी दिवाळीचा चिवडा उरलाच असेल, तोही न्या.

बरं, आता नेमकं जायचं कुठे.

माझ्या सगळ्यात आवडीची जागा अँड्रियास कॅन्यन, पाम स्प्रिंग्स गावाला लागूनच. ही जमीन कवीया लोकांची आहे, तिथल्या मूळ रहिवाशांची, त्यांच्या जमातीचं नाव आग्वा कॅलिएंते, म्हणजे स्पॅनिशमधे गरम पाणी, आपल्या वज्रेश्वरीला आहेत तसेच गरम पाण्याचे झरे त्या गावात आहेत त्यावरून. जागा तेच सांभाळतात, तिकीट लागतं, उन्हाळ्यात आठवड्यातले थोडेच दिवस उघडी असते, तेव्हा बघून जा. साधारण मैलभराचा फेरा, बाजूने बारमाही ओढा, आणि ओढ्याच्या दोन्ही काठांना ताडासारखी उंच झाडं. ही फॅन पाम, कॅलिफोर्नियाचं स्वतःचं असं हे एकच पाम आहे, बाकी लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर दिसतात ती बहुतेक बाहेरून आणून लावलेली. वाळलेल्या झावळ्या गळून पडत नाहीत, खोडालाच लोंबत राहतात, घागरा नेसल्यासारख्या, आणि वारा सुटला की त्यांची अशी सळसळ होते की डोळे मिटले तर वाटतं पाऊस आला. आई तिथे खरंच डोळे मिटून उभी राहिली होती.

त्याच वाटेवर मोठ्या खडकात गोल गोल खड्डे आहेत, गुळगुळीत, वाटीएवढे, काही त्याहून खोल. मी पाटी वाचायच्या आधीच आई म्हणाली, "अगं, हे तर उखळ!" आणि उखळच होतं ते. कवीया बायका इथे बसून मेस्कीट नावाच्या झाडाच्या शेंगा आणि ओकची फळं कुटायच्या, इतक्या पिढ्या कुटत राहिल्या की दगडाला खळगा पडला. आई वाकून वाकून बघत होती. तिच्या माहेरी असंच अंगणात जमिनीत बसवलेलं उखळ होतं, तिची आजी त्यात पोह्यांचं कांडण करायची, ते सगळं ती तिथे उभ्या उभ्या सांगायला लागली, मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या लेकीने ते रेकॉर्ड केलंय फोनवर.

जोशुआ ट्रीला आम्ही पुन्हा गेलो बरं का, ते सोडलं नाही, पण नोव्हेंबरमधे आणि पहाटे निघून. हिडन व्हॅलीचा फेरा एक मैलाचा, चारही बाजूंनी प्रचंड दगडांचे ढीग आणि मधे मैदान, पूर्वी गुरं चोरणारे लोक जनावरं इथे आणून लपवायचे असं सांगतात, आणि ती जागा बघितली की पटतंच. जोशुआ ट्री म्हणजे युका, टोकदार पानांचं वाळवंटी झाड, हात वर करून उभं राहिलेलं, आणि त्याचं परागीकरण करणारा एक बारका पतंग आहे, युका मॉथ, दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही. मुलांना हे सांगा, मग ती प्रत्येक झाडापाशी पतंग शोधत बसतात आणि 'अजून किती चालायचंय' विचारत नाहीत.

तिथून गाडीने दक्षिणेकडे उतरत गेलात की जोशुआची झाडं विरळ होत होत एका जागी संपतात. म्हणजे मोहावी हे उंचावरचं वाळवंट संपलं आणि खालचं, जास्त गरम कोलोराडो वाळवंट लागलं. त्या सीमेजवळच चोया कॅक्टस गार्डन आहे, पाव मैलाची वाट, आजी-आजोबा, चार वर्षांचं पोर, कोणीही फिरू शकेल. कोवळं ऊन मागून पडलं की एकेका चोयाभोवती सोनेरी प्रभावळ दिसते, लांबून अगदी मऊ लोकरीसारखा दिसतो, पण हात लावायचा नाही! त्याचे गोळे जरासा धक्का लागला तरी सुटून चिकटतात, काट्यांना उलटे दाते असतात, आणि बोटांनी काढायला गेलात तर तो सुटायचा राहतो बाजूला, बोटातच रुततो. आईची ओढणी वाऱ्याने उडाली आणि अडकलीच. सगळे घाबरले, बाबांनी मात्र खिशातला कंगवा काढला, गोळा आणि ओढणी यांच्या मधे सरकवला आणि झटका दिला, गोळा लांब जाऊन पडला. नंतर कळलं की इथले जुनेजाणते लोकही कंगवाच जवळ ठेवतात. पडलेला गोळा तिथेच मूळ धरतो, नवीन चोया होतो, या झाडाची वाढायची तऱ्हाच ती. तर ओढणी, पदर नीट खोचून घ्या, चपला नकोत, बंद बूट, आणि हात-पाय टाकायच्या आधी जागा बघा, गरम दिवसांत रॅटलस्नेक दगडांच्या फटीत असतात.

आणि उन्हाळ्यात आलेल्या आई-बाबांसाठी सॅन हासिंटोचा ट्रॅमवे. १९६३ साली सुरू झालेला रोपवे आहे, २,६४३ फुटांवर बसायचं आणि दहा-बारा मिनिटांत ८,५१६ फुटांवर उतरायचं, डब्याची जमीन स्वतःभोवती फिरते त्यामुळे खिडकीसाठी भांडणं होत नाहीत. खांबापाशी डबा असा झुलतो की सगळे ओरडतात, आधीच सांगून ठेवा, आमची आई माझा हात धरून बसली होती. वर उतरलात की तुम्ही कळसूबाईपेक्षा ३ हजार फुटांनी उंचावर असता, आणि खालच्यापेक्षा ३०-४० डिग्री फॅरनहाइटने गार, तेव्हा मे-जूनमधे पण स्वेटर घ्या, लोक हसतील, हसू दे. लाँग व्हॅलीचा छोटा सपाट फेरा मैलभराच्या आतच आहे, डेझर्ट व्ह्यू ट्रेल दीड मैलाचा, त्यात थोडी चढउतार, पण कड्यावरून सगळं वाळवंट पायाखाली दिसतं.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. स्टेशनातून खाली जंगलात जायला सिमेंटचा तिरपा रस्ता आहे, जाताना उतार म्हणून मजेत जातो, आणि परत येताना तोच छातीवर येतो. अख्ख्या दिवसातला तेवढाच कठीण भाग, आणि तो नेमका शेवटी, थकल्यावर, विरळ हवेत. हृदयाचा, दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि चढताना वीस पावलं चालून थांबा, बाजूला बाक असेल तिथे बसा, रोपवे काही शेवटचा नसतो.

आणि हो, जाड सालीचा जेफ्री पाइन दिसला की सालीच्या भेगेत नाक खुपसून वास घ्या. व्हॅनिलाचा वास येतो! बाबा तीन-चार झाडांपाशी जाऊन खात्री करून आले.

यंदा आई-बाबा फेब्रुवारीत येतायत, मेमधे नाही, तिकिटं झाली. बाबांनी चालायचे नवे बूट घेतलेत आणि ते इथे आल्यावर चावू नयेत म्हणून रोज संध्याकाळी घालून तळजाईला दोन फेऱ्या मारतायत. काल फोनवर आईने विचारलं की त्या उखळांच्या इथे पुन्हा जाणार का, मी म्हटलं पहिल्याच शनिवारी, सकाळी आठला.