आधी शाखा, मग संस्था

[संध्याकाळ. सिडनी, केंट स्ट्रीट. जुन्या दगडी घरांच्या खिडक्यांत दिवे.]

ही ग्लोव्हर कॉटेजेस. ऑफिसं सुटली की इथे एकेक जण येऊ लागतो. निवृत्त शिक्षक, बँकेत काम करणारा तरुण, लेक्चर संपवून थेट आलेली विद्यार्थिनी. जगातल्या घडामोडींवर चर्चा घडवणाऱ्या ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल अफेअर्स या संस्थेच्या न्यू साउथ वेल्स शाखेत आज व्याख्यान आहे.

[जुनी छायाचित्रं. सैनिकांनी भरलेली जहाजं.]

१९१४ मध्ये ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि ऑस्ट्रेलिया आपोआप युद्धात ओढला गेला. पन्नास लाखांहून कमी वस्तीच्या या देशाची ६०,००० हून अधिक माणसं त्यात गेली. जगाशी कसं वागायचं, हे तेव्हा लंडनमध्ये ठरत होतं. युद्धानंतर, १९२४ मध्ये, इथल्या काही नागरिकांनी लंडनमधल्या अशाच एका संस्थेच्या (आजचं चॅटम हाउस) शाखा म्हणून बैठका सुरू केल्या. या शाखांची मिळून ऑस्ट्रेलियाची स्वतःची संस्था झाली ती १९३३ मध्ये. आणि परक्या देशातली ऑस्ट्रेलियाची पहिली वकिलात वॉशिंग्टनला उघडली, तेव्हा १९४० साल उजाडलं होतं. सरकारच्या सोळा वर्षं आधी माणसं बोलायला बसली होती! मला या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

[दारातलं टेबल. एक जण अर्ज भरतो आहे.]

सभासद व्हायला मुत्सद्दी असावं लागत नाही, पदवीची अटही नाही. आपल्या राज्याच्या शाखेचा अर्ज भरायचा, वार्षिक वर्गणी द्यायची. विद्यार्थ्यांना सवलत असते. देशभरात अशा सात शाखा आहेत आणि त्यांचं बरंचसं काम स्वयंसेवक करतात. खुर्च्या मांडायला मदत करणारा नवा सभासद इथे लवकर रुळतो.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्यायला हवी. कोणत्याही प्रश्नावर संस्था स्वतःची भूमिका मांडत नाही. चीनबद्दल काय, ऑस्ट्रेलिया घेऊ पाहत असलेल्या अणुशक्तीवरच्या पाणबुड्यांबद्दल काय, याचं तयार उत्तर इथे मिळणार नाही. व्यासपीठावरचा वक्ता बोलतो ते त्याचं स्वतःचं मत. ते पटलं नाही, तर उठून विचारायचं. म्हणूनच व्याख्यान संपलं की निघून जाऊ नका. खरी संध्याकाळ तिथून सुरू होते.

[सभागृह. मागच्या रांगेत एक हात वर.]

विद्यार्थिनी उभी राहते. तिचा प्रश्न तुवालुबद्दल आहे. समुद्र चढत चाललेला हा पॅसिफिकमधला चिमुकला देश. २०२३ च्या फालेपिली करारानुसार तिथली २८० माणसं दरवर्षी ऑस्ट्रेलियात येऊन राहू शकतात. पण तुवालुला दुसऱ्या कुणाशी संरक्षणाचा करार करायचा असेल, तर त्याला ऑस्ट्रेलियाची संमती लागते.

ती विचारते, "याला आपण आधार म्हणायचं की वेसण?"

वक्ते क्षणभर थांबतात. पुढच्या रांगेतले शिक्षक खुर्चीत वळून तिच्याकडे पाहतात, आणि मग त्यांचाही हात वर जातो.