परक्या देशातील लोकशाही आणि आपण

श्रोतेहो, नमस्कार. दुसऱ्या देशात लोकशाही आहे की नाही याची उठाठेव आपण कशाला करायची, या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कोणी सांगितल्या, असा सूर अनेकदा ऐकू येतो. त्यात तथ्य नाही असे नाही. इराणमध्ये 1953 साली पंतप्रधान मोहम्मद मोसादेक यांचे सरकार उलथवण्यात अमेरिका आणि ब्रिटन यांच्या गुप्तचर यंत्रणांचा हात होता, आणि त्यामागे तेलाच्या राष्ट्रीयीकरणाचा रागही होता. म्हणजे लोकशाहीची ग्वाही देणाऱ्या देशांनीच ती मोडण्यास हातभार लावला. असे असताना त्यांच्या उपदेशावर कोणी विश्वास का ठेवावा?

तरीही केवळ एवढ्यावरून हात झटकणे मला पटत नाही. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या छोट्या देशाचे उदाहरण पाहा. तेथे मतदार आपल्या उमेदवाराच्या रंगवलेल्या पिंपात काचेची गोटी टाकत आणि आत घंटा वाजे, त्यामुळे कोणी दुसरी गोटी टाकली तर बाहेर लगेच कळे. डिसेंबर 2016 मध्ये या गोट्यांनी बावीस वर्षे सत्तेवर असलेल्या याह्या जामे यांना हरवले. त्यांनी आधी पराभव मान्य केला आणि आठवडाभरात शब्द फिरवला. तेव्हा शेजारी राष्ट्रांच्या ‘इकोवास’ या संघटनेने आधी बोलणी केली, मग सीमेवर सैन्य उभे केले. विजयी उमेदवार अडामा बॅरो यांचा शपथविधी 19 जानेवारी 2017 रोजी सेनेगलमधील गांबियाच्या दूतावासात झाला, सुरक्षा परिषदेने त्यांना पाठिंबा दिला आणि दोनच दिवसांत जामे देश सोडून गेले.

येथे बाहेरच्यांनी कोणाला निवडून आणले नव्हते. लोकांनी दिलेला कौल पाळला जावा, एवढाच त्यांचा आग्रह होता. माझ्या मते हस्तक्षेपाचे समर्थन इथपर्यंतच होऊ शकते, त्यापुढे नाही.

अर्थात हे दरवेळी साधत नाही, हेही सांगायला हवे. नायजरमध्ये जुलै 2023 मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा याच ‘इकोवास’ने सैन्य पाठवण्याची धमकी दिली, निर्बंध लादले, शेजारच्या नायजेरियाने वीजपुरवठाही तोडला. अंधारात बसले ते सामान्य लोक. सेनाधिकारी मात्र जागचे हलले नाहीत, आणि पुढे मुख्य निर्बंध मागे घ्यावे लागले. गांबियाला तिन्ही बाजूंनी सेनेगलचा वेढा होता, हा फरक नायजरच्या बाबतीत लक्षातच घेतला गेला नाही.